दुसऱ्याची इच्छा

१९९८ चा फेब्रुवारी, बुधवार. येडगावला नदीकाठी माझ्या बहिणीचा दहावा. माणसं अंदाजे तीनशे. पिंडाजवळ मी, मेहुणे, बारावीत शिकणारी अठरा वर्षांची भाची आणि आमच्या निमगाव सावा गावातले शेजारी आप्पा. पाऊण तास झाला तरी कावळा शिवत नव्हता.

आप्पांनी टोपी काढली, दोन्ही हातांत धरली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "बोला, बाईचं काय राह्यलंय?"

तुम्हीही असे दहावे पाहिले असतील. कावळा थांबला की घरचे शब्द देऊ लागतात. म्हातारीला बघू, पोरांना सांभाळू. कावळा शिवतो, माणसं चहाकडे वळतात आणि शब्द घाटावरच राहतो. आप्पा तो शब्द घरी घेऊन जात. चार-सहा महिन्यांनी सायकलवरून त्या दारात हजर. "पावणं, घाटावर बोलला व्हता. आईच्या डोळ्याचं काय झालं?" एकाने आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं ते केवळ आप्पा पुन्हा येऊ नयेत म्हणून.

लोक त्यांना मागून कावळा म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "बरंय की," ते म्हणत, "आमी दोघंबी फुकट उठत न्हाई."

त्या दिवशी मेहुण्यांनी बरंच काही बोलून पाहिलं. दागिने पोरीला देतो, घाटावर पायरी बांधतो. कावळा हलेना. शेवटी भाची म्हणाली, "आईला मला नर्स करायचं होतं." बहीण शेवटचे वीस दिवस दवाखान्यात होती, तिथं ती हेच बोलायची. मेहुण्यांनी हात जोडले. "करतो. पोरीला नर्स करतो." कावळा शिवला.

बारावीचा निकाल लागल्यावर आप्पांनी स्वतः जाऊन नर्सिंगचा फॉर्म आणला. दीडशे रुपये त्यांनीच भरले. मी "नंतर देतो" म्हणालो. मेहुण्यांनी फॉर्म फळीवर ठेवला आणि दिवाळीनंतर पोरीचं लग्न ठरवलं. कारण तयार होतं. घरात कुणी गेलं की लग्न वर्षाच्या आत झालं नाही तर तीन वर्षं थांबावं लागतं.

आप्पा मला घेऊन येडगावला गेले.

"भाऊ, शब्दाचं काय?"

"आप्पा, दहाव्याला महाराजांचं प्रवचन ऐकलं न्हाई का तुमी?" मेहुणे तंबाखू मळत म्हणाले. "इच्छा हेच दुःखाचं मूळ. ती सुटली, मोकळी झाली. आता तिला मागं कशाला ओढायचं?"

"इच्छा सोडावी, ह्ये मलाबी मान्य हाय. पन सोडायची ती आपली. दुसऱ्याची सोडून देनारं आपन कोन? तुमी आधी ती तंबाखू सोडा की."

मेहुणे हसले. "रागावू नका, राव. रागबी शत्रूच सांगितलाय."

"आपल्या मतलबाचा राग शत्रू. दुसऱ्याचं बुडताना बघून राग येत न्हाई, त्याला शांती न्हाई म्हनत भाऊ. त्याला सोय म्हनत्यात."

मी मामा. चहा प्यालो. आप्पांच्या कपावर साय धरली.

लग्नात भाचीच्या मागे मामा म्हणून मीच उभा होतो. आप्पा आले, अक्षता घेतल्या, पण टाकल्या नाहीत. जाताना त्या माझ्या मुठीत ठेवल्या. "ह्या तुमी ठिवा. माझ्याच्यानं व्हत न्हाई."

मला तत्त्वज्ञान फार कळत नाही, हिशेब कळतो. आमच्याकडे बाईच्या इच्छेला ती जिवंत असेपर्यंत मोह म्हणतात, मेल्यावर दहा दिवस तिला भितात आणि अकराव्या दिवसापासून पुन्हा मोह म्हणतात. शास्त्रात असं कुठं लिहिलेलं असेल यावर माझा विश्वास नाही. हे आपण लिहिलंय, आपल्या सोयीनं, आणि त्यावर माझीही सही आहे.

आप्पा २००४ मध्ये गेले. दहाव्याला पिंड ठेवल्या ठेवल्या कावळा शिवला. प्रवचनकार महाराज म्हणाले, "पाहा, निरिच्छ पुरुष. मागं काही उरलं नाही." माझ्या शेजारी मेहुणे मान डोलावत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आप्पांची एक इच्छा राहिली होती. ती मेहुण्यांना आणि मला ठाऊक होती आणि आम्ही दोघे तिथं खांद्याला खांदा लावून उभे होतो.

"महाराज, एक राह्यलंय," मी म्हणालो. आवाज फारसा निघाला नाही. मेहुण्यांनी माझं मनगट दाबलं. "पावणं, कावळा शिवलाय. आता कशाला?" माणसं चहाकडे वळली होती.

मेहुण्यांनी महाराजांच्या हातात एकशे एक रुपये ठेवले.

मी आप्पांच्या घरी गेलो आणि त्यांच्या बायकोच्या हातात दीडशे रुपये दिले. सहा वर्षं उशिरा.

"कशाचं ओ?"

"भाचीच्या फॉर्मचे. आप्पांनी भरले होते."

तिने ते पदराच्या गाठीत बांधले. चेहरा जरा उजळला. "त्ये लई बोलायचं तिच्याबद्दल. मंग, कुठल्या दवाखान्यात नर्स हाय ती आता?"