सतरावा गुरुवार

चोवीस महिन्यांच्या औषधाची चौदा पाकिटं झाली होती, दहा राहिली होती, आणि तिथेच मी थांबलो. ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. कन्नड मुलखातल्या एका मोठ्या शहरात, तिथल्या शिवाजीनगरच्या एका वर्कशॉपमध्ये मी स्टोअरकीपर होतो, घर के. आर. पुरमला. पाठीवर आणि दंडावर चट्टे आले आणि तपासणीत कुष्ठरोग निघाला. महिन्यातून एकदा दवाखान्यात नर्ससमोर गोळ्या गिळायच्या, बाकीच्या दिवसांचं पाकीट घरी आणायचं, असा क्रम होता. बायकोला मी रक्तशुद्धीच्या गोळ्या म्हणून सांगितलं होतं. स्टोअरमध्ये एक नट कमी भरला तर मला जेवण जात नसे, पण दवाखान्यात मात्र मी मारतहळ्ळीचा खोटा पत्ता लिहून दिला होता.

चट्टे फिके पडले, पण गोळ्यांनी चेहरा काळवंडला. वर्कशॉपमध्ये लोक विचारू लागले. त्याच सुमारास मी दत्ताला एकवीस गुरुवारांचा संकल्प केला. उपास करायचा, देवळात आरतीची सेवा करायची आणि औषध म्हणून फक्त तीर्थ घ्यायचं. गोळी घेतली तर देवावर अविश्वास होईल, असं मला खरोखर वाटत होतं. त्या श्रद्धेत लाजेचा वाटा किती होता, हे तेव्हा मी स्वतःशीही मोजलं नाही.

सतराव्या गुरुवारी संध्याकाळी आरतीनंतर मी दाराशी प्रसाद वाटत होतो. एक हात पुढे आला, वर पाहिलं तर दवाखान्यातल्या अक्का. औषध सोडलेल्यांना घरी जाऊन परत आणायचं काम त्यांचं. मूळच्या निपाणीच्या, म्हणून माझ्याशी मराठीत बोलत. त्या आल्या होत्या दुसऱ्याच पेशंटच्या शोधात. तो भेटला नाही, तहान लागली, म्हणून देवळाच्या नळावर पाणी प्यायला शिरल्या. मागे शेजारीपाजारी उभे होते, बायकोही होती.

"स्वल्प जास्त द्या अण्णा, लांबून आलीय," एवढंच म्हणून त्या पारावर जाऊन बसल्या. गर्दी पांगल्यावर मी गेलो.

"चार महिने मारतहळ्ळीत तुम्हाला शोधतेय. त्या पत्त्यावर पंक्चरवाला बसतो. आता मी लांबून दिसले की चहा सांगतो तो."

मी खाली मान घालून संकल्पाचं सांगितलं.

"गोळी नको असं दत्तानं सांगितलं तुम्हाला? कुठल्या भाषेत, कन्नड का मराठी?" त्यांनी माझा उजवा हात धरून उजेडात उलटा केला. "आणि हे काय?"

करंगळीवर टपोरा फोड होता. आरतीचं तापलेलं तबक धरताना भाजलं असणार. मला कळलंच नव्हतं. त्यांनी शेजारच्या बोटाला नख रुतवलं. मी नुसता पाहत राहिलो.

"या दोन बोटांना कळत नाही, अण्णा. तीन अजून शाबूत आहेत. चोवीस पाकिटं छत्तीस महिन्यांच्या आत संपवायची असतात, हिशेब तुम्हीच करा. पण उरलेले चार गुरुवार थांबू नका."

"देवापुढे केलेला संकल्प मोडू?"

"सरी, ठीक आहे, मोडू नका. उपास करा, आरती करा. फक्त ती एक अट काढा. ती देवानं घातली नव्हती, तुम्ही घातलीत."

घरी जाताना वाटेतच मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दवाखाना किती वाजता उघडतो?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. हाताच्या शिरेसाठी वेगळं औषधही सुरू झालं. एकवीस गुरुवार पुरे केले, गोळ्या घेऊनच. अठ्ठाविसाव्या महिन्यात चोविसावं पाकीट संपलं. दोन बोटांची जाणीव परत आली नाही, पण हात वाकडा झाला नाही.

अक्कांना त्या संध्याकाळी नेमकी तिथेच तहान का लागली, हे मी कुणाला पटवत बसत नाही. मी फक्त दोघांचे उपकार मानतो, ज्याने पाठवलं त्याचे आणि ज्या आल्या त्यांचे. मला कसं बरं करायचं हेसुद्धा मीच देवाला नेमून देत होतो आणि त्यालाच शरण जाणं म्हणत होतो. आता रोज एवढंच म्हणतो: तुला ज्या वाटेने यायचं त्या वाटेने ये, मी दार लावून घेणार नाही.