वांग्याच्या देठास शांती लाभो

आमच्या घरात पहिलं वांगं माझ्या तोंडून वारलं.

त्याच्यापाठोपाठ दोडका गेला, भेंडी गेली, आणि भोपळा एवढा धडधाकट, पण तोही त्याच दुपारी आटोपला. या चौघांवर आज लोक काय काय लिहितात! 'लहान मुलांना मृत्यूची ओळख करून देणारं धाडसी कार्टून' म्हणे. पुण्यात त्यावर कुणी व्याख्यान दिलं. सांगलीत कॉलेजची पोरं छातीवर वांगं छापून हिंडतात. आणि मी आजवर गप्प बसलो. नुसता गप्प नव्हे, शाल-नारळ घेऊन गप्प बसलो! आता वय झालं. हे ओझं घेऊन वर जायचं नाही, म्हणून खरं काय झालं ते सांगून टाकतो.

मी इस्लामपूरजवळच्या एका गावचा. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालो. पण पंचक्रोशी मला ओळखते ती रक्षाविसर्जनाला बोलणारा माणूस म्हणून. आमच्याकडे माणूस गेला, की रक्षाविसर्जनाला नदीकाठी माइक लागतो आणि चार जण चार शब्द बोलतात. त्यातले तिघे बदलत राहतात, चौथा मी. आवाजच देवानं असा दिलाय, की मी 'नमस्कार' म्हटलं तरी बायकांचा पदर डोळ्यांकडे जातो. (एका लग्नात मी 'पंगत बसवायला घेतलीय' असं माइकवरून सांगितलं. निम्मं वऱ्हाड न जेवता परत गेलं!)

मुलगा फौजेत, सरहद्दीवर. सूनबाई प्राजक्ता आणि नात ओवी आमच्याजवळ. प्राजक्ता सातारची, चित्रकला शिकलेली. तिनं माडीवरच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि लहान मुलांसाठी कार्टून काढायला घेतलं. नाव 'टोपलीतली मंडळी'. प्रत्येक भागात एक भाजी शेतातून निघते, टोपलीत बसते, बाजाराला जाते. साधी, गोड गोष्ट. चित्रंही अशी, की वांग्याच्या गालाला खळी!

पण तिच्या भावानं तिच्यासाठी पुण्यात नोकरी बघून ठेवली होती. ती मला स्पष्ट म्हणाली, "आबा, जूनपर्यंत हे कार्टून कुणी बघितलं तर ठीक. नाहीतर ओवीचं नाव पुण्याच्या शाळेत घालते." ओवी गेल्यावर संध्याकाळी मी कुणाशी भांडायचं? बायकोशी? तिथं माझा निभाव लागत नाही.

आणि ऐन वेळी दोन गोष्टी एकदम झाल्या. प्राजक्ताच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, ती साताऱ्याला गेली. आणि गोष्ट सांगणाऱ्या कलाकाराचा घसा बसला. रेकॉर्डिंग करणारा सागर सांगलीहून मशीन घेऊन आला होता. त्यानं कपाळाला हात लावला.

"आबा, परवा पहिले चार भाग इंटरनेटवर लावायचं जाहीर केलंय. आता आवाज कुणाचा आणू?"

"माझा आहे की," मी म्हणालो. (मला तिथंच कुणीतरी अडवायला हवं होतं.)

सागरनं खोलीत चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या, मला मधे बसवलं आणि कागद हातात दिला. चित्रं बघायची म्हटलं, तर त्याच्या घाईत ती राहिली. मी वाचायला सुरुवात केली. वांगं हसत हसत टोपलीत बसलं. बाजारात आलं. गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. आणि पुढं लिहिलं होतं, 'बघता बघता वांगं खपलं!'

मी थांबलो.

आता शहरातल्या वाचकांना सांगायला हवं, की आमच्याकडे 'खपला' म्हणजे मेला. आणि तेही ज्याच्याशी बांध कोरण्यावरून भांडण आहे त्याच्याबद्दल बोलताना. माल खपतो हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कागदावर हसत हसत निघालेलं वांगं, झुंबड, 'बघता बघता'... माझ्या डोळ्यांसमोर सरळ चेंगराचेंगरीच उभी राहिली! वर सूनबाईनं गेलेल्या जिवाबद्दल 'खपलं' असा तुसडा शब्द लिहावा याचं वाईट वाटलं. माझ्यासारख्या माणसानं ते तसंच सोडायचं? मी कागद खाली ठेवला, घसा साफ केला आणि मनानं बोललो:

"आज आपल्यातून वांगं गेलं. एक मनमिळाऊ, काटेरी पण आतून मऊ व्यक्तिमत्त्व हरपलं. त्याच्या जाण्यानं टोपलीत कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. मी माझ्या वतीनं, समस्त भाजीपाल्याच्या वतीनं भावपूर्ण श्रद्धांजली अर्पण करतो. परमेश्वर वांग्याच्या देठास शांती देवो."

सागर कानावरचं काढून माझ्याकडे बघतच राहिला. "आबा, लय भारी! हे वयनींनी लिव्हलंय?"

"भावना तिच्याच. शब्द तेवढे माझे."

दोडका खपला, भेंडी खपली, भोपळा खपला. मी एकालाही बेवारशी जाऊ दिलं नाही. भोपळ्याच्या वेळी तर 'आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहूया' असंही म्हणालो, आणि सागर, गडी प्रामाणिक, उभा राहिला!

कार्टून लागलं त्या संध्याकाळी आमच्या पुढच्या सोप्यात गल्लीतली सगळी पोरं जमली होती. पडद्यावर वांगं नाचतंय, गालाला खळी, मागं पिपाणी वाजतेय, आणि आवाज माझा. चित्रं मीही तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. वांगं एका मावशीच्या पिशवीत बसून हात हलवत हसत हसत निघालं होतं. ते मेलं नव्हतं. विकलं गेलं होतं!

"बघितलंसा?" आमची मंडळी, म्हणजे ओवीची आजी, पलीकडून कुजबुजली. "जित्या वांग्याला पोचवून आलायसा!"

भोपळ्याच्या वेळी मात्र ओवी उठून उभी राहिली, तिच्यामागं सगळी उभी राहिली, दोन मिनिटं हात जोडून. मग एकच कल्ला: "परत लावा! परत मरू दे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची शालन तावातावानं आली.

"आवं आबा, काय शिकवलंय पोरांस्नी? आमचं पोरगं दोडक्याला हात लावंना. म्हणतंय, सुतक हाय!"

"अगं, पण..."

"पण काय पण! तेराव्याला शिरा करा म्हणून नडून बसलंय. दोडक्याच्या तेराव्याला!"

पलीकडच्या घरात भेंडीची रक्षा म्हणून चुलीतली राख डब्यात भरली होती. शाळेत प्रार्थनेनंतर पोरांनी आपणहून 'कै. भोपळा' यांना आदरांजली वाहिली, आणि नवीन बाई बिचाऱ्या त्यांचं आडनाव विचारत बसल्या.

प्राजक्ता साताऱ्याहून आली ती रागानं लालबुंद. "आबा, हे काय केलंत?" ती पुढं काही बोलणार, तोवर तिचा मोबाइल वाजायला लागला आणि तो थांबेचना. सांगलीच्या होस्टेलातली पोरं रोज रात्री जेवताना कार्टून लावत होती. साताऱ्याचे निवृत्त फौजी एकमेकांना सकाळी मोबाइलवर फुलांच्या जागी वांगं पाठवत होते. माझ्या मुलानं बर्फातून फोन केला: "आबा, आख्खी पलटण बघतीया! मद्रासी पोरंसुद्धा 'देठास शांती' म्हणत्यात!" एका रविवारी तर सांगलीच्या घाटावर पोरांनी वांग्याचं रीतसर विसर्जन ठेवलं, आणि मुख्य वक्ता म्हणून मला न्यायला गाडी पाठवली. मी गेलो. बोललोही. (पोरं रडली हो!)

मग पुण्याच्या एका चॅनेलच्या मॅडम घरी आल्या. त्यांना आणखी भाग हवे होते. ते झाले, तर प्राजक्ताला पुण्याला जायची गरज नव्हती. मॅडमनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "आजोबा, लहान मुलांच्या कार्टूनमध्ये मृत्यू आणायचं तुम्हाला कसं सुचलं?"

हीच ती वेळ होती. 'मॅडम, मला वाचताना कळलं नाही' एवढं म्हटलं असतं तर आज हे लिहावं लागलं नसतं. पण त्यांनी 'द्रष्टे' असा शब्द वापरला होता.

मी डोळे मिटले आणि म्हणालो, "बाजार म्हणजे तरी काय? अंतच की."

मॅडमच्या अंगावर काटा आला. प्राजक्ता माझ्याकडे टक लावून बघत होती. आतून कपबशी आदळल्याचा आवाज आला. ती आमची मंडळी.

झालं! प्राजक्तानं आता मुद्दाम मरणाच्या गोष्टी लिहिल्या. टोमॅटोला अपघात, मुळ्याला दीर्घ आजार. आणि मी द्रष्ट्याच्या थाटात वाचायला बसलो. जमेना! आता मला ठाऊक होतं ना, की हा टोमॅटो आहे. मी हुंदका काढायचो, तो ढेकर वाटायचा. दोन भाग लावले, तर होस्टेलची पोरं कळवायला लागली, 'आबा नाटक करतायत.' मॅडमचा फोन आला: शेवटचा एक भाग बघू, नाहीतर थांबूया.

त्या दिवशी माडीवर गोधड्यांच्या मधे प्राजक्ता कळवळून म्हणाली, "आबा, वांग्याच्या वेळी काय केलं होतंत? तसंच करा ना."

माझा धीर सुटला. "सूनबाई, त्या वेळी मी काही केलंच नव्हतं. मला वाटलं, ते खरंच मेलं."

"म्हणजे?"

"तू 'खपलं' लिहिलं होतंस. मी सुतकच धरलं."

प्राजक्ता हसायला लागली, ती थांबेचना, आणि डोळे पुसता पुसता म्हणाली, "म्हणजे आता संपलंच, आबा. आता तुम्हाला सगळं कळलं." तिनं तरीही कागद दिला. कारल्याची गोष्ट. वेल अंगणातली, टोपली दारात, कारलं टोपलीत बसून गाव सोडून निघालं. पुढं ना अपघात, ना आजार. तिला घाईत दुसरं काही सुचलंच नव्हतं.

मी वाचायला लागलो. आणि कारल्याच्या जागी मला इस्लामपूरच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीत खिडकीशी बसलेली ओवी दिसली. तरी नेहमीची श्रद्धांजली सुरू केली. 'पोकळी' या शब्दावर तर मी अडकलोच. आयुष्यभर तो शब्द लोकांच्या माणसांसाठी वापरला होता, घरात कधी आणला नव्हता. सागरनं मशीन बंद केलं नाही. "परमेश्वर कारल्याला..." एवढंच बोललो आणि गोधडीत तोंड खुपसलं.

तो भाग लागला आणि मॅडमचा फोन आला. रडतच होत्या. करार झाला, ओवीचं नाव गावच्याच शाळेत राहिलं, आणि ती हल्ली रोज संध्याकाळी माझ्याशी भांडते.

तेव्हा हे कार्टून लोकांनी डोक्यावर का घेतलं, याचं कारण एवढंच: एकदा मला काहीच कळलं नव्हतं, आणि एकदा जरा जास्तच कळलं. यात तत्त्वज्ञान वगैरे काही नाही. हे मी मागच्या आठवड्यात माइकसमोर बसून सरळ कबूल केलं आणि प्राजक्तानं ते कार्टूनच्याच जागी लावलं. तर लोक काय म्हणतात? 'आजवरचा सर्वांत खोल भाग!' पुण्याच्या त्या व्याख्यात्यानं तर 'आबांचं अज्ञान हेही एक रूपक आहे' असं जाहीर केलं.

माझ्या बोलण्यावर अख्ख्या जगात एकाच माणसानं विश्वास ठेवला. आमची मंडळी म्हणाली, "ह्यास्नी काय कळत न्हाई, हे सांगायला माइक कशाला पायजे हुता? मला इचारायचं!"