काकांची फुंकनळी

अख्ख्या देवबागेत माझ्या चुलतसासऱ्यांसारखा डोक्याला ताप देणारा माणूस दुसरा झाला नाही, आणि देवा, होऊ पण नको. बोटीवर खलाशी होते. बाकीचे खलाशी घरी येताना टेपरेकॉर्डर आणतात, नायलॉनच्या साड्या आणतात, ह्यांनी काय आणलं तर एक चार हात लांब पोकळ नळी! मला वाटलं चुलीची फुंकणी, म्हटलं एवढी लांब कशाला, मी काय अंगणातून चूल फुंकणार? तर म्हणे, "गो, ह्येतून फुंकून बाण मारतत. बंदरावर फुटपाथवर अगदी स्वस्तात गावली." स्वस्तातली म्हणून मग दिवसभर तिची परीक्षा. नळीबरोबर दोन बाण आलेले, एक पिवळ्या मण्याचा, तो सरळ जायचा. एक जाड टोकाचा, तो पपईला लागून खाली पडायचा. मग घरी बनवलेले बाण सुरू झाले, माडाच्या झावळीच्या हिराला कापूस गुंडाळून, छत्रीची काडी घासून, आणि एकाला तर माझी गोधडीची सुई! न विचारता! तोच म्हणे सगळ्यात बरा, केळीत अर्धा घुसतो. प्रत्येक बाणाआधी देवळात घालतात तसं हात जोडून गाऱ्हाणं, "बा देवा म्हाराजा, ह्यो बाण सोडतंय, तो केळीक लागांदे रे म्हाराजा!" आणि कोणी "व्हय म्हाराजा" म्हटल्याशिवाय फुंकणार नाहीत. मी भांडी घासत रागारागाने म्हणायची, नाहीतर तिथेच ताटकळत उभे. सासूबाई ओट्यावरून ओरडायच्या, "मेल्यान बोटीर खलाशी म्हणान काम केल्यान काय शिकारी म्हणान?" ते हसायचे नुसते.

मला हसू येत नव्हतं. माझी बेबी नऊ महिन्यांची, रांगती, जे दिसेल ते तोंडात. आणि आमच्याकडे घराभोवती सगळी वाळू, पडलेली वस्तू गडप. एका सकाळी काका डोकं खाजवत आले. "सुयेचो बाण खंय गेलो काय कळणा नाय." माझ्या हातातलं तांब्या-भांडं पडलं. बेबी वाळूत बसलेली, तोंड मिटलेलं, आणि काहीतरी चावतेय! मी धावले, बोट घातलं, ती किंचाळली, मी तिच्याहून मोठ्याने. निघाली वाळू. पण बाण कुठाय? बाण नाहीच.

दोन दिवस मी तिला खाली ठेवलं नाही. कडेवर घेऊनच भाकऱ्या, कडेवर घेऊनच पाणी, कंबर मोडली, झोपेत पण मी तिचं तोंड चाचपायची. तिसऱ्या दिवशी काका नळी घेऊन पुन्हा केळीसमोर उभे राहिले आणि माझं डोकं फिरलं. "तुम्हाला पोर ना बाळ, काकांनू, तुम्हाला काय कळणार!" सगळ्यांसमोर बोलले. सातवी शिकलेली मी, पण तेवढं कळत होतं की हे बोलायचं नसतं.

काकांनी नळी भिंतीला टेकवली, सदरा काढला, आणि वाळूत गुडघ्यावर बसून दोन्ही तळहातांनी वाळू चाळायला लागले. हळूहळू, वीत वीत करून. मला बघवेना. म्हटलं, "काकांनू, दाताळं तरी घ्या." मान वर न करता म्हणाले, "दाताळ्याक टोचलो तर तेका कळतला काय गो? माका टोचलो की गावलो."

ऊन डोक्यावर आलं तरी चाळतच होते. जेवायला उठले नाहीत. आणि मग माडाच्या बुंध्याशी एकदम ओरडले, "गावलो गो! माका गावलो!" सुई अंगठ्याखाली रुतलेली, हातभर रक्त, आणि माणूस हसतोय! मी हळद आणायला धावले, पण त्यांनी आधी बेबीला माझ्या कडेवरून घेतलं आणि वाळूत सोडलं. ती सुटली तशी खेकड्यासारखी धावली.

पुढच्या महिन्यात ते बोटीवर गेले, अजून आलेले नाहीत. माझं ते बोलणं मागे घ्यायचं राहिलंय. आता बेबी चालते, पण कुणाच्याही अंगणात तिला सोडण्याआधी मी खाली बसते आणि जमिनीवरून तळहात फिरवते. बायका विचारतात, "काय सांडला गो?" मी म्हणते, काय नाय. आणि फिरवत राहते.