कोटाला उजेड, मास्तरांना सावली

कोल्हापुरात नवी वकिली सुरू केली तेव्हा काळा कोट शिवायला मी भवानी मंडपाजवळच्या अंबादास मास्तरांकडे गेलो. मी उंबऱ्यात असतानाच "या पावणं!" म्हणत मास्तरांनी दुकानाच्या खांबाला टेप गुंडाळली, त्याची छाती मोजली आणि "पोट सुटलं न्हाय अजून, लई झ्याक!" असं त्याचं कौतुक केलं. खांब काही बोलेना, म्हणून शेवटी मीच खोकलो.

दोष मास्तरांचा नव्हता. काळ्या कापडावर काळा दोरा, रोज दहा तास. दुकानातला एकुलता एक शंभर वॉटचा दिवा दर्शनी काचेत, तयार कोटावर टांगलेला. मास्तर मशीनवर पाठमोरे बसत. त्यांचीच सावली सुईवर पडे. दुपारपासून डोळ्यांतून धार लागे, संध्याकाळी कपाळ ठणके. उपाय म्हणून त्यांनी इतकी गाजरं खाल्ली, की मंडईत भाव चढला.

"वकीलसाहेब, डोळं गेलं की धंदा गेला," ते म्हणत आणि अंदाजानं काज करत.

एके दिवशी डबा घेऊन आलेल्या शालूबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, हा प्रकार पाहिला.

"का वो, कोटाला डोळं हायत व्हय?"

"गिऱ्हाईक आधी कोट बघतंय की!"

"बघू दे उनात! शिवनाऱ्यानं काय चाचपत मरायचं?"

बाईंनी दिवा काढून मशीनच्या डाव्या अंगाला टांगला, म्हणजे हाताची सावली सुईवर पडू नये. उजेड थेट डोळ्यांत जाऊ नये म्हणून वर तेलाच्या डब्याची पत्र्याची टोपी चढवली. पंधरा दिवसांत धार थांबली, कपाळ शांत झालं.

आणि मास्तरांना स्वतःची शिवण दिसली.

"अरारारा! ही वाकडी वाट हाय का टीप?" भर कोर्टात, एक ज्येष्ठ वकील साक्षीदाराची उलटतपासणी घेत असताना मास्तरांनी त्यांच्या अंगावरचा कोट उसवायला परत मागितला. अठरा वर्षांत शिवलेले कोट ते एकेक करून आणवू लागले, उसवू लागले. नव्या कोटाला दोन महिने लागत, कारण प्रत्येक टीप तिसऱ्यांदा घातल्यावरच मास्तरांना पटे. काचेतला कोट तर अंधारातच होता. वकील मंडळी गुपचूप दुसऱ्या दुकानांतून तयार कोट घ्यायला लागली.

एकोणऐंशीच्या मार्चमध्ये दुकान बंद झालं. मास्तरांना चष्मा लागलेला नव्हता.