आधी त्याची बाजू मांड

"भांडायचं हाय ना? मग आधी त्याची बाजू मांड!"

तंटा घेऊन कुणीही आलं, की आबा डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि हेच म्हणायचे. लोणावळ्याच्या रेल्वे यार्डात, घाट उतरण्याआधी गाड्यांचे ब्रेक तपासणारे आम्ही फिटर; आबाही आमच्यातलेच. ओव्हरटाइम कुणाला, सिनियर कोण, यावरून तेव्हा माणसं हातघाईवर यायची. युनियनच्या खोलीत आबांचा रिवाज ठरलेला. ज्याची तक्रार, त्यानंच समोरच्याची वकिली करायची, मग आबा निकाल द्यायचे.

एकदा एक गडी ओव्हरटाइमसाठी तावातावानं आला. आबांनी त्याला दुसऱ्याची बाजू मांडायला लावली. "याच्या भैनीचं लगीन हाय, घरात कमावता ह्योच..." म्हणता म्हणता तो अडखळला. "मग घे की बाबा तूच!" असं खेकसून चहा न पिताच गेला. आम्ही पोट धरून हसलो.

मग आम्हा फिटरांवरच्या मिस्त्रीची जागा रिकामी झाली. साहेब म्हणाले, तुम्हीच एकमतानं नाव द्या. नावं दोनच, आबा आणि आमच्यातलाच बाळू. आबा बाळूच्या आधी लागलेले, पण हंगामी. बाळू मागून आला आणि आधी कायम झाला. मिस्त्रीला राहायला रेल्वेचं क्वार्टर मिळायचं. आबांची बायको दमेकरी, कुसगावच्या गळक्या घरात पावसाळाभर धापा टाकायची. जागा आबांनाच मिळावी असं आम्हाला वाटत होतं.

सभेत आबा उठले आणि बाळूची बाजू मांडली. अहो, जीव तोडून मांडली! "कायम झाल्यापास्नं नोकरी मोजायची, ह्यो नियम आपुनच भांडून घेतला. आज माझ्यासाठी मोडू नगा."

आता बाळूनं आबांची बाजू मांडायची. तो उठला, घसा खाकरला. "आबा... आबा लय चांगले हायेत," एवढंच बोलून मटकन खाली बसला.

नाव बाळूचं गेलं. मला आबांचा असा संताप आला! "वहिनींचं काय?" मी विचारलं.

"बाळूची पोरंबी गळक्यातच निजत्यात," आबा म्हणाले.

आबा फिटर म्हणूनच रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत गेले. शोकसभा युनियनच्याच खोलीत झाली. फोटोपाशी कुणीतरी त्यांची टोपी ठेवली होती. बाळू मिस्त्री उठला.

"त्या दिशी मला बोलता आलं न्हाई. आज आबांची बाजू मांडतो," तो म्हणाला. "कायम करायला एकच जागा हुती, तवा आबांचा नंबर हुता. माझं नवीन लगीन झालेलं. आबांनी सायबाला सांगून माझं नाव फुडं केलं, आन् कुणाला सांगू नगंस म्हणाले. म्हणून मी सिनियर. मिस्त्रीची जागा आबांची हुती. त्या दिशी ह्येच बोलायचं हुतं मला."

तो टोपीकडं बघत उभाच राहिला. निकाल द्यायला आबा नव्हते.