निवृत्तीचं उघडं नाक

निवृत्तीचं नाक म्हणजे घरादाराच्या थट्टेचा विषय. जरा धूळ उडाली की शिंका सुरू, मग नाक गच्च, आणि गळा असून नसल्यासारखा. नल्लकुंट्याच्या बुद्धविहारात भीमजयंतीला गाणारा हा माणूस कित्येक वर्षं मागच्या रांगेत रुमाल घेऊन बसला. अखेर हिमायतनगरच्या डॉक्टरांकडे तीन वर्षं ॲलर्जीची इंजेक्शनं घेतली, तेव्हा कुठं नाक मोकळं झालं. तो पुन्हा गायला लागला आणि डोळ्यांनी अधू झालेली त्याची आई, सखूबाई, पुढे बसून मान डोलवू लागली. मी जाताना तूच गा, असं तिनं बजावून ठेवलं होतं.

सुया थांबवताना डॉक्टर म्हणाले, "आराम रहता, मगर कित्ते बरस, नै बोल सकते." कुणाला दोन-तीन वर्षं, कुणाला सात-आठ, धुळीत जाताना नाक तेवढं बांधा. निवृत्तीनं फक्त 'आराम' ऐकला.

मग राज्याची वाटणी झाली. आबिड्सजवळच्या त्याच्या कार्यालयात दप्तरखाना उपसायला काढला. हा गठ्ठा आंध्राचा, हा तेलंगणाचा. सगळ्यांनी तोंडाला रुमाल बांधले, निवृत्तीनं नाही. त्याच्या आजोबाला गावात पाटलासमोर तोंडावर हात धरून बोलावं लागे, ही गोष्ट आईनं त्याला भाकरीबरोबर भरवलेली. साहेबापुढं तोंड झाकून उभं राहायचं नाही, म्हणजे नाही. या हट्टाला कोण नावं ठेवील? पण धुळीला त्याचं काय!

पावसाळा सरेपर्यंत नाक पुन्हा बंद. डॉक्टर म्हणाले, सुया परत सुरू करू, गुण यायला काही महिने लागतील. आईकडे तेवढे महिने नव्हते.

थंडी पडली आणि सखूबाईनं अंथरूण धरलं. एका दुपारी तापाच्या ग्लानीत तिनं गाणं मागितलं. निवृत्तीनं वाफ घेतली, नाकात थेंब सोडले, उशाशी बसला आणि गायला लागला. आवाज नाकातच अडकत होता. लाजेनं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तो थांबला नाही.

"ह्यो कोन गातोय?" आई म्हणाली. "माझ्या निवरत्तीला बोलवा की."

"माय, मीच हाय."

तिनं दाराकडे मान वळवली. दिवस मावळताना ती गेली, त्याचीच वाट बघत.