आरशाला टांगलेली चप्पल

दिनकरनाना गाडी उभी करायचे, हँडब्रेक ओढायचे, खाली उतरून मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावायचे आणि मग पायातली रबरी चप्पल काढून, सुतळीत ओवून, ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशाला टांगायचे. चप्पल आरशाला लागली की नाना ड्रायव्हर उरायचे नाहीत. मग त्यांच्याशी पाऊसपाणी, मेढ्याकडचा भात, फौजेतल्या गमती, कशावरही बोला. फक्त "निघायचं का?" हे विचारायचं नाही. विचारलं की ते आरशाकडे बोट दाखवायचे आणि कॅबिनमागच्या फळीवर जाऊन झोपायचे.

महामार्गावरच्या हॉटेलांत ही चप्पल प्रसिद्ध होती. बहुतेक ट्रकांच्या मागे दृष्ट लागू नये म्हणून जुनी चप्पल टांगलेली असते. आमची पुढे का, असं एका पोरसवदा ड्रायव्हरनं एकदा विचारलं. नाना म्हणाले, "गड्या, ती लोकांच्या नजरंसाठी. ही मालकाच्या नजरंसाठी."

मालक म्हणजे मी. सांगलीत माधवनगर रस्त्याला माझा छोटा ट्रकअड्डा आहे. तेव्हा दोन ट्रक होते. सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा पुण्या-मुंबईकडे न्यायचा आणि येताना मिळेल ते आणायचं, हा धंदा. मी फार बोलणारा माणूस नाही. एका गोष्टीबद्दल तर इतकी वर्षं अजिबातच बोललो नाही. ती सांगायला बसलोय, पण आधी नाना कोण होते ते कळायला हवं.

फौजेतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त होऊन ते माझ्याकडे नोकरी मागायला आले. मिशी कापलेली, इस्त्रीचा शर्ट, पायात मात्र ही चप्पल. मी नेहमीचा प्रश्न टाकला, "एका दमात किती चालवाल?" त्यांनी टेबलावरच्या कागदांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "तुमच्याकडं लॉगबुक हाय का?"

होतं की! कपाटात होतं. आमच्यात लॉगबुक महिनाअखेरीला, एका बैठकीत, चहा पीत भरायची पद्धत. कंटाळा येऊ नये म्हणून दोन रंगांची पेनं वापरायची. निघालो कधी, थांबलो कधी, सगळं कसं कायद्यात बसवून. आमची गाडी कागदावर जितकी विश्रांती घ्यायची तितकी कुणा संस्थानिकानंही घेतली नसेल. नानांनी ते चाळलं आणि म्हणाले, "मालक, हितं तर एकतीस जूनला गाडी कराडात हाय."

ते हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी कामाला आले.

सकाळी आधी फर्स्ट परेड. हा त्यांचा फौजी शब्द. म्हणजे गाडीभोवती एक फेरी, तेल, पाणी, हवा, दिवे, पट्टे. प्रत्येक चाकाला हात लावून, जणू बैलाची पाठ थोपटताहेत. मग लॉगबुकात वेळ, आणि मगच चावी. पाच तास चालवलं की अर्धा तास थांबा. दिवसाचे आठ झाले की गाडी बंद. कायद्यातच आहे ते. पण आमच्या धंद्यात कायद्यातलं खरोखर करणारा माणूस म्हणजे लग्नात वेळेवर जेवायला येणारा पाहुणा. यजमानाची पंचाईत.

एकदा तर कमाल झाली. परतीच्या वाटेवर गाडी आष्ट्यापर्यंत आली आणि पाच तास भरले. आष्टा म्हणजे आमच्या दारातच. व्यापारी अड्ड्यात बसून माझं डोकं खात होता. मी तडक मोटारसायकल काढली आणि आष्टा गाठलं. बघतो तर चप्पल आरशाला, नाना चिंचेखाली फडकं सोडून बसलेले.

"आवं नाना, इथून घर दिसतंय!"

"दिसतंय की. पळून चाललंय व्हय ते?" त्यांनी अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. "बसा. ठेचा लय झणझणीत हाय."

मी चिडलो होतो, तरी बसलो. ठेचा खरंच झणझणीत होता. तेव्हाच मी त्यांना विचारलं, की फौज सुटली, आता कोण बघतंय, कशाला एवढं घड्याळ लावून घेता? त्यांनी कॅबिनकडे मान वळवली. तिथे काचेवर निळ्या कोटातला, चष्म्यातला तो फोटो होता, जो त्यांच्या घरीदारी सगळीकडे होता.

"आठ तासांची ड्यूटी ह्यांनी आणली, मालक. माझ्या आज्याला ड्यूटीच न्हवती. पाटलानं हाक मारली की जायाचं, मग ऊन असू दे का पाऊस. परत कवा यायचं ते बी तेच ठरवणार." मग बोटं चाटत म्हणाले, "आठ तास तुमचे. त्यात कवा कमी पडलो तर बोला. उरलेले माझ्या आज्याचे. त्येला मिळाले न्हाईत, म्हणून मी घेतो."

त्यानंतर मी चपलेबद्दल कधी बोललो नाही. मनात कुरकुरत राहिलो, ते वेगळं. पण खरं सांगायचं तर नानांमुळे मी निवांत झोपायचो. दुसऱ्या ट्रकचा फोन वाजला की आज काय ठोकलं, हेच मनात यायचं. नानांचा फोन म्हणजे बहुधा कुठल्या हॉटेलात पिठलं चांगलं आहे याची बातमी.

नानांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. फौजेत आणि माझ्याकडे मिळून त्यांच्या हातून गाडीला साधा ओरखडा उठला नव्हता. साताऱ्याला रस्ता सुरक्षा सप्ताहात, अपघात न केलेल्या चालकांचा सत्कार होतो. त्या वर्षी त्यात नानांचं नाव लागलं. नारळ, शाल आणि एक कागद, इतकाच सत्कार. पण नानांनी महिनाभर आधी फौजेतला कोट धुवायला टाकला. काकूंना, म्हणजे त्यांच्या मंडळींना, नवीन पातळ घेतलं. मला म्हणाले, "मालक, तुमी बी यायचं. पयल्या रांगेत."

आणि त्याच महिन्यात माझ्या शालकाचा साखरपुडा पुण्यात ठरला.

बेदाण्याची गाडी घेऊन नाना पुण्याकडेच निघाले होते. मी म्हटलं, ट्रकमधूनच जातो. बायको आदल्या दिवशीच पुढे गेली होती. कराड गेलं, सातारा गेलं, खंबाटकीचा बोगदा ओलांडला आणि एका हॉटेलाशी नानांचे पाच तास भरले. ठोकळे लागले, चप्पल टांगली गेली, लॉगबुकात 'विश्रांती' लिहून वेळ टाकली गेली. कानात कापसाचे बोळे घालून नाना मागच्या फळीवर आडवे झाले.

बायकोचा फोन आला. "कुठवर आलात? इथं सगळे तुमच्यासाठी खोळंबलेत." पाच मिनिटांनी पुन्हा आला. मग सासऱ्यांचा आला. शिराळ्याचे माझे सासरे फोनवर कमी बोलतात. ते फक्त "बरं" म्हणाले. त्या 'बरं'नं माझं डोकं फिरलं.

माझ्या खिशात गाडीची दुसरी चावी होती. जड वाहनाचं लायसन नव्हतं. अड्ड्यात ट्रक पुढे-मागे करायची सवय तेवढी होती. मी ठोकळे काढले. आरशात मागचं दिसेना म्हणून चप्पल उतरवली आणि हॉटेलच्या नळाशेजारच्या कट्ट्यावर ठेवली. इंजिन चालू झालं तशी नानांनी फक्त कूस बदलली. तोफेशेजारी झोपलेला माणूस तो.

मी फार लांब गेलोच नाही. शिरवळच्या अलीकडे रस्त्याकडेला टोमॅटोचा एक टेम्पो उभा होता. त्याला वळसा घालताना मला माझ्या गाडीची रुंदी कळली नाही. कर्रर्र असा आवाज झाला आणि क्रेटच्या क्रेट रस्त्यावर. कुणाला लागलं नाही. टेम्पोवाला पलीकडे चहा पीत होता, तो कप हातात घेऊनच धावत आला. "आवं, दिवसाढवळ्या दिसत न्हाई व्हय? ह्यो काय मुंगळा हाय का?" रस्ता लाल, त्याचं तोंड लाल. तोवर मी खाली उतरलो होतो. मला स्टिअरिंगवर कुणी पाहिलं नव्हतं.

एक हवालदार आला आणि त्यानं विचारलं, "ड्रायव्हर कुठाय?"

लायसन नाही म्हणजे विमा नाही, आणि वर गुन्हा. साखरपुडा तर गेलाच. हे सगळं डोक्यात एकदम आलं आणि माझा हात कॅबिनकडे गेला. "आत आहेत," मी म्हणालो.

नाना कानातले बोळे काढत अनवाणी खाली आले. टोमॅटो बघितले, टेम्पो बघितला, मग आरसा. "माझी चप्पल कुठाय?"

हवालदार म्हणाला, "चपलेचं नंतर. ठोकलं कसं?"

"साहेब, मी चालवतच न्हवतो. लॉगबुक बघा."

त्यानं बघितलं. "इथं तर विश्रांती लिहिलंय," तो माझ्याकडे वळला. "मग गाडी काय एकटी आली?"

नानाही माझ्याकडे बघत होते. अजून त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. मालक सांगतील, इतकंच होतं.

मी म्हणालो, "वय झालंय साहेब त्यांचं. विसरतात हल्ली."

हवालदारानं मान हलवली. तो म्हणाला, मालक कशाला ट्रक चालवेल? पंचनाम्यावर मात्र नानांनी सही केली नाही. हवालदारानं तसं लिहून घेतलं आणि प्रकरण पुढे नेलं. मग नाना वाकले आणि टेम्पोवाल्याला टोमॅटो गोळा करू लागले. मीही वाकलो. आमचे हात एकाच क्रेटमध्ये जात होते. "मालक," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुमी आठ तासांच्या वरचं मागितलं असतं तर मी न्हाई म्हटलं असतं आणि विषय मिटला असता. तुमी तर माझे सगळेच घेतले."

पुढचं सगळं बिनबोभाट झालं. टेम्पोवाल्याला विम्यातून भरपाई मिळाली. नाना पुण्यात माल उतरवून, अनवाणीच गाडी चालवत परत आले. वाटेत त्या हॉटेलात थांबून चप्पल घेतली. साताऱ्याच्या ऑफिसात जाऊन त्यांनी स्वतःच सत्काराच्या यादीतून नाव काढायला लावलं. कागदावर अपघात होता ना. मी थांबवायला हवं होतं. मी साखरपुड्याचे फोटो बघत होतो. महिना भरेपर्यंत त्यांनी नवा ड्रायव्हर तयार केला, त्याला फर्स्ट परेड शिकवली, चावी माझ्या टेबलावर ठेवली आणि मेढ्याची एसटी धरली. जाताना, "तब्येतीला जपा," एवढंच म्हणाले.

दरवर्षी मी ठरवायचो, यंदा जाऊ. दरवर्षी हळदीचा हंगाम यायचा.

यंदा उन्हाळ्यात नाना गेल्याचं कळलं. मेढ्याजवळच्या त्यांच्या गावी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. विहाराच्या अंगणात मांडव, समोर नानांचा कोटातला फोटो. म्हणजे कोट शेवटी वापरला गेला. वंदना झाली, मग दोन-चार लोक बोलायला उठले. नानांच्या पलटणीतले एक सोबती उठले. गोड माणूस. म्हणाले, "दिनकरनं जन्मभर गाडी चालवली. डोंगर म्हणू नका, बर्फ म्हणू नका. आणि सगळ्या जन्मात अपघात किती? फक्त एक! त्यो बी टमाट्याचा!"

मांडव हसला. प्रेमानं हसला. काकूही पदर तोंडाला लावून हसल्या. आणि मला कळलं की आता बसून राहिलो तर हेच नानांबद्दलचं शेवटचं वाक्य होणार.

मी उभा राहिलो. मला माइकवर बोलता येत नाही. मी तसाच जागेवरून बोललो. "एकही नाही," मी म्हणालो. "नानांनी एकही अपघात केला नाही. ती गाडी मी चालवत होतो. ते झोपले होते. मी पोलिसाला खोटं सांगितलं."

पलटणीतले सोबती खाली बसले. मी काकूंकडे बघितलं. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकूंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "म्हंजे हाटेलात चप्पल तुमी इसरला व्हता?"

"हो काकू."

"आन् मी त्यांस्नी बोलत आले. परत्येक बारीला. बाजारातनं मीठ र्‍हायलं तरी म्हनायची, इसराळू ते इसराळू, हाटेलात चप्पल सोडून येनारा मानूस." त्यांनी फोटोकडे बघितलं. "एक डाव तरी सांगायचं की वं मला."

जेवण करूनच जा म्हणाल्या. पानावरून उठू दिलं नाही त्यांनी. निघताना घराच्या ओसरीवर त्यांनी मला थांबवलं. खुंटीला, सुतळीत ओवलेली, ती चप्पल होती. मला वाटलं, मला देतायत. पण काकूंनी फक्त ती सरळ केली आणि म्हणाल्या, "र्‍हाऊ द्या तिथंच. आता त्यांस्नी कुनी उठवायचं न्हाई."